आत येणाऱ्या श्वासाचा सूर

चार छिद्रे, आठ स्वर आणि बोटाच्या दीड-दोन पेरांएवढी लांबी. एवढ्याशा जागेत शुद्ध स्वरांचे एक संपूर्ण सप्तक मावते, हे चार छिद्रांचा छोटा माउथ ऑर्गन स्वतः ओठांना लावून पाहिल्याशिवाय पटत नाही. पहिल्या छिद्रात फुंकले की सा वाजतो आणि त्याच छिद्रातून हवा आत ओढली की रे. दुसऱ्या छिद्रात फुंकरीला ग आणि ओढीला म, तिसऱ्यात फुंकरीला प आणि ओढीला ध. चौथ्या छिद्रात मात्र क्रम उलटतो. तेथे आधी हवा ओढून नी घ्यावा लागतो आणि मग फुंकून वरचा सा. अर्धे स्वर बाहेर जाणाऱ्या श्वासावर आणि अर्धे आत येणाऱ्या श्वासावर, अशी ही वाटणी आहे. बासरी, सनई, पुंगी, शंख ही आपली फुंकवाद्ये बाहेर जाणाऱ्या हवेवर वाजतात आणि आपला गळाही तसाच गातो; आत घेतलेला श्वास ही तेथे पुढच्या सुराची तयारी असते. या बाज्यात मात्र तो श्वास स्वतःच सूर होतो. मला या वाद्याविषयी जे सांगायचे आहे, ते बहुतेक या एका गोष्टीतूनच निघते.

आमचे गाव भंडारा जिल्ह्यात, धानाच्या पट्ट्यात आहे. भाऊबीजेपासून इकडे गावोगावी मंडई, म्हणजे गावजत्रा, भरू लागते. दिवसा दंडार हे लोकनाट्य, दुकाने, आकाशपाळणे आणि आप्तांच्या गाठीभेटी, आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक. अशाच एका मंडईतल्या खेळण्यांच्या दुकानातून, किल्लीच्या कडीला अडकवलेला हा बाजा मी लेकीसाठी घेतला. किंमत चहा-नाश्त्याच्या खर्चाहून फार वेगळी नव्हती. लेकीचे मन लवकरच दुसऱ्या खेळण्यात रमले आणि बाजा छपरीतल्या कोनाड्यात पडून राहिला. पुढे एका संध्याकाळी मामाजी, म्हणजे माझे सासरे, पेटी पुढे घेऊन बसले होते. त्यांच्या पांढरी एकशी, म्हणजे पेटीवरच्या सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीशी, या बाज्याचा पहिला स्वर जुळतो, हे सहज फुंकून पाहताना कानाला जाणवले आणि तेथून माझे शिकणे सुरू झाले.

मामाजी गावच्या भजन मंडळात पेटी वाजवतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने विदर्भातल्या खेड्यांना सामुदायिक प्रार्थनेची आणि भजनाची जी सवय लावली, ती आमच्या गावात अजून टिकून आहे, आणि त्या सवयीमुळेच संगीताची शाळा कधी न पाहिलेल्या घरांतही पेटीच्या पट्ट्यांची नावे लहान मुलांना ठाऊक असतात. मी सून म्हणून या घरात आले तेव्हा मला सरगम म्हणता येत होती, याहून अधिक काही नाही. शिकवणारा घरात असणे हे मोठे भाग्य. पण मामाजींनी स्वतः हा बाजा कधी वाजवलेला नव्हता, त्यामुळे स्वर कसा लागला हे तेवढे ते सांगत आणि तो कसा काढायचा हे मी शोधत असे. शिकण्याची ही पद्धत मला अजूनही फार योग्य वाटते.

सुरुवातीची अडचण एका वेळी एकच स्वर काढण्याची असते. छिद्रे इतकी जवळ असतात की ओठ किंचित पसरले तरी हवा दोन छिद्रांत शिरते. फुंकताना त्याचा जाच होत नाही, कारण सा, ग, प आणि वरचा सा हे चारही स्वर एकत्र वाजले तरी गोडच लागतात. ओढताना मात्र ध आणि नी एकत्र आले की कान लगेच तक्रार करतो. म्हणून एकेका स्वराचा सराव मी ओढीपासून केला आणि शिकू पाहणाऱ्या कोणालाही तसेच सुचवीन. ओठांचा चंबू करायचा, पण तो आवळायचा नाही. वाद्य ओठांच्या कोरड्या कडेवर न टेकवता आतल्या ओलसर भागापर्यंत घ्यायचे, जबडा सैल सोडायचा आणि घसा जांभईच्या वेळी उघडतो तेवढा मोकळा ठेवायचा. मोठ्या माउथ ऑर्गनवर दुसरी एक पद्धतही वापरतात. चार छिद्रे ओठांत घेऊन नको असलेली छिद्रे जिभेने झाकायची. चार छिद्रांच्या बाज्यावर त्या पद्धतीला जागाच नाही, त्यामुळे निवडीचा प्रश्न आपोआप सुटतो.

दुसरी गोष्ट जोराची. बाज्याच्या आतली, सूर देणारी पातळ पितळी पट्टी हलवायला फारच थोडी हवा लागते. जोर वाढवला की आवाज वाढण्याआधी सूर बिघडतो आणि स्वस्त बाज्यात तर पट्टी अडकून गप्पच होते. माझ्या गालांत हवा भरलेली पाहून मामाजी म्हणाले, ‘‘पेटीचा भाता हातानं चालते, सूनबाई. तुह्या बाज्याचा भाता तूच हायेस. भाता कोनी धडाधडा मारते का?’’ त्यानंतर मी गालांनी फुंकणे सोडले आणि पोटातून हवा सोडू लागले. पेटीचा भाता चालवणारा डावा हात जसा एकसारखा, न अडखळता चालतो तसा श्वास चालू ठेवायचा आणि ओठ फक्त छिद्र बदलणार, हे एकदा अंगात भिनले की बाज्याचा आवाज बदलतो. तो मोठा होत नाही, पण भरीव होतो.

येथून पुढे जे लक्षात आले ते मला सर्वांत मोलाचे वाटते. स्वरांची वाटणी श्वासाच्या दिशेने झालेली असल्यामुळे आपण कोणती धून वाजवतो यावर आपल्या छातीत किती हवा उरते हे ठरते. सा, ग, प यांवर रेंगाळणारी धून छाती रिकामी करत जाते. रे, म, ध, नी यांवर चालणारी धून छाती भरत जाते, आणि दम संपण्याची सवय असलेल्या माणसाला हवा जास्त होण्याचा अनुभव सुरुवातीला गोंधळात टाकतो. श्वास घ्यायला जागाच उरलेली नसते आणि पुढचा स्वर तर ओढीचाच असतो. भूप घ्या. सा, रे, ग, प, ध यांपैकी तीन स्वर फुंकरीचे आणि दोन ओढीचे. आलटून पालटून येतात आणि श्वास आपला आपण सांभाळला जातो. दुर्गा घ्या. सा, रे, म, प, ध. स्वर तितकेच पाच, पण आता ओढीचे तीन झाले आणि फुंकरीचे दोनच उरले. ऐकणाऱ्याला दोन्ही राग सारख्याच सहजतेने वाजलेले वाटतील, पण वाजवणाऱ्याच्या बरगड्यांना त्यांतला फरक कळतो. दुर्गा वाजवताना फुंकरीच्या सा-प वर थोडी जास्त हवा नाकावाटे सोडून द्यावी लागते, आणि ती कुठे सोडायची हे धून बसवतानाच ठरवावे लागते. नवशिक्याने भूपापासून सुरुवात करावी ती यासाठी. मी माझ्या वहीत प्रत्येक स्वराखाली ‘फु’ किंवा ‘ओ’ लिहिते आणि जेथे नाकाने हवा सोडायची तेथे एक टिंब देते; आता माझ्याकडच्या भजनांच्या चालींवर शब्दांपेक्षा ही टिंबेच जास्त दिसतात.

रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत हे शिकणे शेतावर आले. पऱ्हे उपटून, पेंढ्या बांधून, चिखलाच्या बांधीत वाकून दिवसभर रोवणी केल्यावर छातीला आणि कमरेला एक प्रकारचा आखडलेपणा येतो. दुपारी धुऱ्यावर बसून शिदोरी सोडण्याआधी बाया हात धुतात, तेव्हा मीही हात धुऊन, चुळा भरून, गळ्यातल्या दोरीला बांधलेला बाजा काढत असे. लांब श्वास आत, लांब श्वास बाहेर, प्रत्येक श्वासाला एक स्वर. यात व्यायाम किती आणि वादन किती हे मला वेगळे करता येत नाही. आखडलेली छाती त्याने मोकळी होत असे, एवढे मी स्वतःपुरते खात्रीने सांगू शकते.

रोवणी करताना बाया गाणी म्हणतात. एकीने ओळ उचलायची आणि बाकीच्यांनी ती परतवायची, असा त्यांचा क्रम असतो. आमच्या बांध्यांमध्ये ऐकू येणारी बरीचशी गाणी चार-पाच स्वरांतच फिरतात, त्यामुळे ती या बाज्यावर बसतात. मात्र गाणारी बाई आपल्या गळ्याला सोयीचा सूर धरते आणि तो रोज वेगळा असतो, तर बाज्याचा सा ठरलेला. मी धून शोधू लागले की गाणे एकीकडे आणि बाजा दुसरीकडे असे व्हायचे. शेवटी त्यांच्यापैकीच एका म्हाताऱ्या बाईंनी सुचवले की आधी तूच सूर दे आणि आम्ही तो धरतो. मी फुंकरीचा सा लांबवत असे, त्या तो गळ्यात घेत, आणि मग ओळ सुटत असे. त्या ओळ म्हणत असताना मी गप्प राहायचे आणि परतवण्याच्या वेळी त्यांच्यासोबत वाजवायचे. सवाल-जबाबाच्या या रचनेत श्वासाला विसावा आपोआप मिळतो. कोणत्याही शिकवणीत मला सुराची ही जबाबदारी इतकी स्पष्ट कळली नसती. सूर देणाऱ्याने डळमळून चालत नाही.

या वाद्याच्या आत काय चालते हे पाहण्याची उत्सुकता मला पहिल्यापासून होती. पुढे मी दहा छिद्रांचा बाजा घेतला तेव्हा त्याची झाकणे स्क्रूने उघडता आली. मधे फणीसारखा कप्पे पाडलेला प्लॅस्टिकचा तुकडा, त्याच्या वर एक आणि खाली एक अशा दोन पितळी पाट्या, आणि प्रत्येक पाटीत दहा खाचा. प्रत्येक खाचेवर एका टोकाला जखडलेली आणि दुसऱ्या टोकाला मोकळी अशी एक पातळ पट्टी. वरच्या पाटीच्या पट्ट्या फुंकरीच्या, खालच्या ओढीच्या, एकूण वीस. हवेच्या दाबाने पट्टी खाचेत ओढली जाते, स्वतःच्या ताठपणाने परत येते आणि ही ये-जा इतक्या वेगाने होते की हवेच्या झोताचे तुकडे पडून त्यांचा स्वर होतो. सहाव्या छिद्रातल्या ध साठी पट्टी सेकंदाला सुमारे 880 वेळा हलते. पट्टी लांब किंवा जड असेल तर स्वर खाली, आखूड आणि ताठ असेल तर वर. मोकळ्या टोकाकडून पट्टी किंचित खरवडली की स्वर चढतो आणि जखडलेल्या बाजूकडून खरवडली की उतरतो. पेटी दुरुस्त करणारे कारागीर हेच करतात. माझ्या मंडईतल्या बाज्याचा ध थोडा उतरलेला होता. मामाजींच्या पेटीचे काम करणाऱ्या कारागिराने त्याचे झाकण उचकटून, सुईसारख्या हत्याराने पट्टीचे टोक हलकेच घासले आणि ध जागेवर आणून दिला. मजुरी त्यांनी घेतली नाही. इतक्या लहान पट्टीवर हात चालवायला मिळाला यातच त्यांना समाधान होते.

पुंगीच्या आणि सनईच्या जिभा वेगळ्या. पुंगीत बांबूची किंवा बोरूची जीभ नळीच्या कडेवर आपटते. सनईत दोन पाती एकमेकांवर मिटतात. माउथ ऑर्गनमध्ये पट्टी कशावरही आपटत नाही, खाचेतून आरपार हलते. पेटीतही तशीच पट्टी असते आणि झाडीपट्टीच्या नाटकात गाण्यांना साथ करणाऱ्या ऑर्गनचे कूळही तेच. या मोकळ्या जिभेचा उगम पूर्वेकडचा आहे. चीनमधले शंग हे बांबूच्या नळ्यांचे वाद्य फार प्राचीन आहे, आणि आपल्याच देशात मिझोरममध्ये भोपळ्यात बांबूच्या नळ्या बसवून केलेले रॉछेम त्याच तत्त्वावर वाजते. अठराव्या शतकात हे तत्त्व युरोपात रुजले. 1780 मध्ये क्रात्झेनश्टाइन या शास्त्रज्ञाने माणसाच्या तोंडातले स्वर काढणारे यंत्र केले, त्यात अशी पट्टी वापरली होती. पुढे जर्मनीत हे वाद्य खिशात मावेल एवढे झाले. ट्रोसिंगेन या गावातल्या माथियस होनर या घड्याळजीने 1857 मध्ये घरच्या घरी माउथ ऑर्गन बनवायला सुरुवात केली आणि त्याच्या कारखान्याने ते जगभर पोहोचवले. त्याच कारखान्याचा साडेतीन सेंटीमीटर लांबीचा, चार छिद्रांचा ‘लिटल लेडी’ हा बाजा 16 डिसेंबर 1965 रोजी वॉली शिरा यांनी जेमिनी 6 या यानातून, पृथ्वीभोवती फिरत असताना वाजवला. अवकाशात वाजलेले पहिले वाद्य म्हणून त्याची नोंद आहे. किल्लीच्या कडीला लटकणाऱ्या माझ्या बाज्याची स्वररचना आणि त्या बाज्याची स्वररचना एकच आहे, हे समजले तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

दहा छिद्रांचा बाजा हे चार छिद्रांच्या बाज्याचेच मोठे रूप. त्याची चौथ्यापासून सातव्यापर्यंतची छिद्रे म्हणजे आधीचा सगळा बाजा, तसाच्या तसा. लहान वाद्यावर ओठांना लागलेली वाट येथे कामी येते. पण खाली आणि वर जाऊ लागले की रचना बदलते. पहिल्या तीन छिद्रांत मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकातले म आणि ध नाहीतच, आणि प मात्र दोनदा आहे. युरोपातल्या लोकगीतांना साथ करताना खालची छिद्रे एकत्र ओढली की पंचमावर उभा राहणारा स्वरसमूह मिळावा, यासाठी ही मांडणी केलेली आहे. आपल्या संगीताला त्या स्वरसमूहाची गरज नाही आणि मंद्र ध ची गरज पदोपदी आहे. भूपात खालच्या ध ला स्पर्श केल्याशिवाय सा वर परतल्यासारखे वाटत नाही. म्हणून दहा छिद्रांच्या बाज्यावर आपली धून बहुधा चौथ्या छिद्राच्या वरच ठेवावी लागते आणि खाली उतरायचे तर एक वेगळे कसब शिकावे लागते. त्याविषयी पुढे सांगते.

त्याआधी मामाजींनी दाखवून दिलेली एक गोष्ट सांगायला हवी. मंडळात गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे कधी काळी दोन, कधी पांढरी चार असा सूर धरला जातो. पेटीवर बारा स्वर हजर असतात, त्यामुळे सा कुठेही नेता येतो; बाज्यात फक्त सात शुद्ध स्वर. पांढरी एकचा बाजा घेऊन मी पांढरी चारच्या भजनात बसले की माझा म हाच त्यांचा सा होतो आणि त्यांच्या शुद्ध म च्या जागी माझ्याकडे तीव्र म येतो. मामाजींनी हे ऐकले आणि ते म्हणाले, ‘‘मंग यमन वाजव ना.’’ आणि खरोखर, म ला सा मानून वर गेले की कल्याण थाटाचे, म्हणजे यमन ज्या स्वरसंचात बसतो त्याचे, सगळे स्वर मिळतात. मग आम्ही बसून एकेक सा बदलून पाहिला. रे पासून निघाले की काफी, ग पासून भैरवी, प पासून खमाज, ध पासून आसावरी आणि मूळ सा वर बिलावल. पंडित भातखंड्यांनी सांगितलेल्या दहा थाटांपैकी सहा, एकही जादा पट्टी न लागता, दहा छिद्रांच्या या स्वस्त वाद्यात मिळतात. मूर्च्छना, म्हणजे स्वर तेच ठेवून सा बदलणे, हा शब्द मी ऐकून होते. तिचा अर्थ मला या बाज्याने हातात दिला. मात्र प्रत्येक थाटागणिक श्वासाची वाटणी नव्याने शिकावी लागते. भैरवीत सा फुंकरीचा असतो, काफीत सा ओढीचा होतो, आणि ज्या स्वरावर विसावायचे तोच छाती भरत असेल तर विसावा कसा घ्यायचा, हा प्रश्न काफीने माझ्यापुढे बराच काळ ठेवला. त्याचे उत्तर असे की ओढीच्या सा वर येण्याआधी छाती जवळजवळ रिकामी करून यायचे. तसे केले की तो सा हवा तेवढा लांबवता येतो.

स्वस्त वाद्याविषयी थोडे स्पष्ट बोलायला हवे. खेळण्यांच्या दुकानातल्या सगळ्याच बाज्यांत सूर असतो असे नाही. घेण्याआधी प्रत्येक छिद्रात हलकेच फुंकून आणि ओढून पाहावे. एखादा स्वर उशिरा उठत असेल, हवा फुसफुसत असेल किंवा खालचा सा आणि वरचा सा एकमेकांत मिसळत नसतील, तर तो बाजा शिकण्यासाठी घेऊ नये. लहान मुलाच्या कानावर बेसूर सप्तक घालणे मला बरे वाटत नाही. दुहेरी ओळीच्या लांब बाज्यात एका स्वरासाठी दोन पट्ट्या किंचित फरकाने लावलेल्या असतात आणि त्यांचा आवाज थरथरता येतो. तो मोहक लागतो, पण सूर नेमका कुठे आहे हे शिकणाऱ्याला त्यात कळत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे हवेत इतका दमटपणा असतो की लाकडी फणीचा बाजा फुगून ओठांना बोचू लागतो. प्लॅस्टिकची फणी अशा वेळी टिकते. खाल्ल्यावर चूळ भरल्याशिवाय बाजा तोंडाला लावू नये. वाजवून झाल्यावर छिद्रे खाली करून तळहातावर हलकेच आपटावा आणि उघड्यावर वाळू द्यावा, नाहीतर पितळेवर हिरवा थर धरतो. एकाचा बाजा दुसऱ्याने वाजवू नये, हे तर मुलांना पहिल्याच दिवशी सांगावे.

आता त्या वेगळ्या कसबाकडे येते. पेटीवर जुना आक्षेप आहे की तिला मींड येत नाही. एका पट्टीवरून दुसरीकडे जायचे तर मधली वाट तिच्याकडे नसते, आणि आपल्या गाण्याचा जीव तर त्या मधल्या वाटेत असतो. आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला दूर ठेवले, त्यामागे हा आक्षेप मोठा होता. मामाजी पेटीवर निस्सीम प्रेम करतात, तरी हा मुद्दा ते मान्य करतात. पण त्याच कुळातल्या या लहान वाद्यात पट्टी आणि वाजवणाऱ्याची जीभ यांच्यामध्ये भाता नाही, लाकडी पेटी नाही. आहे ती फक्त हवा. ओढीचा स्वर चालू असताना जिभेचा मागचा भाग खाली नेऊन तोंडातली पोकळी वाढवली की स्वर हळूहळू खाली उतरतो. हे प्रत्येक छिद्रात होत नाही. ज्या छिद्रात ओढीचा स्वर फुंकरीच्या स्वराहून पुरेसा उंच असतो तेथेच होते, कारण उतरताना त्या छिद्रातली दुसरी पट्टीही त्यात सामील होते. दुसऱ्या छिद्रातला ओढीचा प असा उतरवत नेला की मंद्र म मिळतो आणि तिसऱ्यातला नी उतरवला की मंद्र ध. मांडणीत नसलेले दोन्ही स्वर तेथेच, आतल्या बाजूला असतात. भूपातला तो खालचा ध मला पहिल्यांदा नीट मिळाला तेव्हा मामाजींनी पेटीचा भाता थांबवला आणि तो पुन्हा वाजवायला सांगितला.

मधल्या सप्तकात चौथ्या छिद्रातला रे अर्ध्या स्वराने उतरतो आणि सहाव्यातला ध अर्ध्या स्वराने उतरतो. पाचव्यात आणि सातव्यात काही उतरत नाही. म्हणजे कोमल रे, कोमल ध आणि बाकी सगळे शुद्ध. हा भैरव झाला. कोणा युरोपीय कारागिराच्या मनात भैरव असण्याचे कारण नव्हते, पण त्याच्या मांडणीत तो बसलेला आहे. शिवाय भैरवात हे दोन स्वर सरळ उभे राहत नाहीत, त्यांना आंदोलन लागते. स्वर किंचित हलत, झुलत राहावा लागतो. पेटीला ते जमत नाही. बाज्यावर कोमल रे तसाही जिभेच्या आधाराने हवेत तोललेला असतो, त्यामुळे झुलवणे त्याच्या स्वभावात आहे, आणि दोन्ही कोमल स्वर ओढीचे असल्यामुळे ते आत येणाऱ्या श्वासावरच झुलतात.

कार्तिकात पहाटे देवळात काकडा असतो आणि भैरवाच्या अंगाने जाणारे एक-दोन अभंग तेथे म्हटले जातात. त्यांतल्या एकाची चाल मी बसवते आहे. मंडळाचा सूर आणि बाज्याचा सूर जुळावा म्हणून गाणाऱ्यांनी त्या एका अभंगापुरती पांढरी एक धरायची, असे मामाजींनी त्यांच्याकडून कबूल करून घेतले आहे. कोमल ध आता बऱ्यापैकी ठरतो. कोमल रे उतरतो, पण उतरल्यावर थोडा जास्तच खाली, सा कडे ओढला जातो, आणि मग आंदोलन न होता तो नुसता डगमगतो. मामाजींचे म्हणणे आहे की तो मला ओठांत सापडत नाही कारण तो अजून माझ्या कानात पक्का नाही. म्हणून सध्या ते पेटीवर सा धरून बसतात, बाजा बाजूला ठेवलेला असतो, आणि मी तो रे गळ्याने म्हणते. बाहेर जाणाऱ्या श्वासावर तो नीट लागू लागला की मग ओढीवर घ्यायचा, असे आमचे ठरले आहे.